पाण्यातून गाडी नेताना डिफरन्शियलमध्ये पाणी कसे शिरते, आणि ब्रीदरची नळी उंच का न्यावी

पाण्याने भरलेला ओढा किंवा तुंबलेला रस्ता पार करून गाडी सुखरूप बाहेर येते, इंजिन एकदाही अडखळत नाही आणि चालक निश्चिंत होतो. काही आठवड्यांनी मागच्या बाजूने बारीक घरघर ऐकू येऊ लागते, वेगासोबत ती वाढते, आणि गॅरेजमध्ये डिफरन्शियलचा तळाचा बोल्ट उघडल्यावर तेलाच्या जागी दुधाळ, फेसाळ द्रव बाहेर पडतो. गाडी पाण्यात होती जेमतेम काही मिनिटे, पाणीही गुडघ्याच्या फारसे वर नव्हते, आणि ते ओतीव लोखंडाचे आवरण तर चहूबाजूंनी बंद दिसते. मग पाणी आत गेले कोठून, हे कोडे अनेकांना पडते. इंजिनात पाणी जाऊ नये म्हणून बॉनेटच्या कडेने छतापर्यंत जाणारा स्नॉर्केल, म्हणजे हवा घेण्याची उंच नळी, लोक हौसेने बसवून घेतात, पण दोन चाकांना जोडणाऱ्या, मध्ये डिफरन्शियल असलेल्या अ‍ॅक्सलच्या माथ्यावर बसलेल्या ब्रीदर नावाच्या चिमुकल्या टोपीची आठवण सहसा पहिले नुकसान झाल्यावरच होते.

आवरणाच्या आत काय असते

वळण घेताना बाहेरच्या बाजूचे चाक आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापते. दोन्ही चाके एकाच दांड्याला घट्ट जोडलेली असती, तर प्रत्येक वळणावर एक चाक रस्त्यावर फरफटत गेले असते. इंजिनाची ताकद दोन्ही चाकांना पोहोचवायची आणि तरीही त्यांना वेगवेगळ्या गतीने फिरू द्यायचे, हे काम करणाऱ्या दंतचक्रांच्या जुळणीला डिफरन्शियल म्हणतात. त्यात पिनियन हे लहान चक्र क्राउन या मोठ्या चक्राला फिरवते. बहुतेक गाड्यांत या दोघांचे दात अशा कोनात बसवलेले असतात की ते प्रचंड दाबाखाली एकमेकांवरून घसरत जातात, आणि म्हणूनच तेथे इंजिन ऑइल चालत नाही. दाट, खास रसायने मिसळलेले गिअर ऑइल लागते, आणि दातांमधला त्याचा पातळ थर टिकला तरच धातू धातूला भिडत नाही.

हे आवरण तेलाने काठोकाठ भरलेले नसते. तेलाची पातळी साधारण अर्ध्यापर्यंत असते आणि उरलेल्या जागेत, तसेच चाकांकडे जाणाऱ्या दोन्ही पोकळ बाहूंमध्ये, हवा असते. पाणी आत येण्याची सगळी कथा या हवेची आहे.

दांडे आवरणातून जेथे बाहेर पडतात तेथे, म्हणजे पिनियनपाशी आणि दोन्ही चाकांपाशी, रबराची ऑइल सील असते. तिची पातळ ओठासारखी कडा फिरत्या दांड्याला चिकटून राहते. ही कडा आतल्या तेलाला अडवण्यासाठी आतल्या बाजूला वळलेली असते, म्हणजे आतला दाब थोडा वाढला तर ती दांड्यावर अधिक घट्ट बसते. बाहेरून धूळ अडवणारी एक जादा कडा बऱ्याच सीलांना असते, पण बाहेरून दाबाने येणारे पाणी रोखणे हे तिचे मूळ काम नव्हे. ही बाब पुढे फार महत्त्वाची ठरते.

हवा तापते, मग एकदम निवते

गाडी तासभर धावली की दात आणि बेअरिंगांच्या घर्षणाने आणि तेल सतत घुसळले गेल्याने आवरण हात लावता येणार नाही इतके तापते. आतली हवा प्रसरण पावते. तिला बाहेर पडायला वाट नसती, तर तिने सीलच्या कडेने तेल बाहेर ढकलले असते. म्हणून आवरणाच्या वरच्या बाजूला ब्रीदर ठेवलेला असतो. हवा जादा झाली की ती तेथून बाहेर जाते, आवरण निवले की तेथूनच परत येते. कोरड्या रस्त्यावर एवढी सोय पुरते.

आता हीच तापलेली गाडी थंड पाण्यात उतरली असे समजू. गरम पाण्याने विसळलेली प्लॅस्टिकची बाटली झाकण घट्ट लावून थंड पाण्याच्या नळाखाली धरली की तिच्या भिंती आत ओढल्या जाऊन ती चेपते, हे बहुतेकांनी पाहिलेले असते. अ‍ॅक्सलच्या आत नेमके हेच घडते, फक्त लोखंडाच्या भिंती चेपत नाहीत, आणि त्यामुळे आत निर्माण झालेली ओढ जेथे फट सापडेल तेथून बाहेरचे काहीतरी आत खेचते. तेथे हवा असेल तर हवा जाते, पाणी असेल तर पाणी.

ही ओढ किती असते हे आकड्यांत पाहिल्याशिवाय तिची ताकद लक्षात येत नाही. समजा, आतली हवा ८० अंश सेल्सिअसवर आहे आणि पाण्यामुळे ती ३० अंशांवर आली. वायूंच्या नियमानुसार तिचे आकारमान निरपेक्ष तापमानाच्या (सेल्सिअसच्या आकड्यात २७३ मिळवून येणाऱ्या) प्रमाणात घटते, म्हणजे ३५३ ला ३०३ या प्रमाणात. घट सुमारे १४ टक्के. आत दोन लिटर हवा असेल तर पाव लिटरहून थोडी जास्त जागा मोकळी होते आणि ती भरून काढण्यासाठी तेवढेच पाणी आत येऊ शकते. आत काहीच येऊ दिले नाही तर निर्माण होणारी ओढ सुमारे १४५ सेंटीमीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ उचलण्याइतकी भरते.

याच्या शेजारी खोलीचा आकडा ठेवून पाहावा. ३१ इंची टायरच्या गाडीत चाकाचा मध्य जमिनीपासून ३८ सेंटीमीटरच्या आसपास असतो, आणि अ‍ॅक्सलच्या माथ्यावरचा ब्रीदर साधारण ४५ ते ५० सेंटीमीटरवर. ६० सेंटीमीटर पाण्यात तो जेमतेम १० ते १५ सेंटीमीटर बुडतो, म्हणजे खोलीमुळे पडणारा दाब तेवढ्याच उंचीच्या स्तंभाचा. थंड होण्याने पडणारी ओढ त्याच्या जवळजवळ दहापट आहे. प्रत्यक्षात काही मिनिटांत आवरण पूर्ण निवत नाही हे खरे, पण वाहत्या पाण्यात बुडालेले लोखंड हवेतल्यापेक्षा कितीतरी भराभर उष्णता सोडते, आणि निम्मे निवले तरी ही ओढ खोलीच्या दाबाहून मोठीच राहते. म्हणून पाणी किती खोल होते, यापेक्षा ब्रीदर पाण्याखाली गेला होता का, गाडी किती तापलेली होती आणि ती पाण्यात किती वेळ थांबली, हे प्रश्न आधी विचारायला हवेत.

कंपनीच्या ब्रीदरला झडप असते, ती पुरत नाही का?

ही शंका रास्त आहे. अनेक ब्रीदरांच्या टोपीखाली छोटी झडप किंवा स्प्रिंगने दाबलेली चकती असते; ती आतली हवा बाहेर सोडते आणि बाहेरचे आत येऊ देत नाही. नवी असताना ती पाणी अडवतेही. पण झडपेने फक्त एक दार बंद केले. आतली ओढ कमी झाली नाही. ती आता सगळीच्या सगळी सीलांवर येते, आणि सीलची कडा तर आतून येणाऱ्या दाबासाठी घडवलेली आहे. आतून ओढ बसली की ती कडा दांड्यावरून किंचित सैल होते आणि पाणी, बहुधा वाळूच्या बारीक कणांसह, त्या फटीतून आत झिरपते. त्यातून झडपेवर चिखल वाळून बसला की ती अर्धवट उघडी तरी राहते किंवा कायमची चिकटते, आणि दोन्ही स्थिती वाईटच.

ब्रीदरची नळी उंच नेण्याचे खरे प्रयोजन येथे कळते. नळीने पाण्याची वाट बंद होते एवढेच म्हणणे अपुरे आहे. आवरण निवताना त्याला जी हवा हवी असते ती पाण्याच्या वरून, कोरड्या जागेतून, विनाअडथळा मिळते आणि त्यामुळे आत ओढ तयारच होत नाही. सीलांवर मग फक्त खोलीचा थोडासा दाब उरतो, आणि धडधाकट सील तो सहन करते. सील आधीच झिजलेली असेल, दांड्यावर खाच पडलेली असेल, तर नळी असूनही पाणी शिरेल. नळी हा गळक्या सीलवरचा इलाज नव्हे, तिच्यावरचा भार कमी करण्याचा उपाय आहे.

टोक कोठे आणि किती उंच

नळीचे टोक गाडी ज्या सर्वांत खोल पाण्यात जाणार, त्याच्यापेक्षा निश्चितपणे वर हवे, आणि त्यात गाडीपुढे उसळणाऱ्या लाटेची उंचीही धरायला हवी. पुढच्या अ‍ॅक्सलची नळी बहुधा बॉनेटखाली, काचेच्या बाजूच्या पोलादी भिंतीच्या वरच्या कडेला नेतात. मागची नळी बॉडीच्या आत, मागच्या दिव्याच्या वरच्या अंगाला किंवा इंधनाच्या झाकणामागच्या पोकळीत नेता येते. सगळ्या नळ्या बॉनेटखाली आणल्या तर देखभाल सोपी होते, पण काठ उतरून पाण्यात शिरताना गाडीचे नाक खाली जाते आणि नेमका तोच भाग सर्वांत आधी व सर्वांत खोल बुडतो, हे विसरून चालत नाही.

काही जण नळी वर नेऊन तिचे टोक पुन्हा बरेच खाली सोडतात आणि मधल्या उंच वळणामुळे पाणी आत येणार नाही असे मानतात. हा समज पारखून पाहण्याची सोपी रीत आहे. पारदर्शक नळी बसवली असेल तर गाडी लांब पल्ला धावून आल्यावर, उभी केल्याबरोबर, नळीचे मोकळे टोक पाण्याच्या ग्लासात बुडवून धरावे. प्रथम काही क्षण काहीच होत नाही; मग टोकातले पाणी ग्लासातल्या पातळीच्या वर हलकेच सरकू लागते आणि आवरण जसजसे निवेल तसतसे बोट-बोट वर चढत जाते. ते वीतभर चढताच टोक बाहेर काढून घ्यावे. सहा मिलिमीटर पोकळीच्या नळीच्या एका मीटरमध्ये अवघे २८ मिलिलिटर पाणी मावते, आणि आतली हवा निवताना जी जागा करते ती याच्या कित्येक पट असते. त्यामुळे तोंड पाण्याखाली राहिले तर मधल्या वळणाची उंची फार काळ आड येत नाही. टोक खाली वळवावे ते फक्त वरून धूळ व शिंतोडे पडू नयेत यासाठी, आणि तेही उंचीवरच, लहानशा हुकाएवढे.

नळी, जोड आणि तिची वाट

काम अवघड नाही, पण निगुतीने करण्याचे आहे. ब्रीदर काढण्याआधी त्याच्याभोवतीची माती ब्रशने आणि पाण्याने स्वच्छ धुऊन जागा कोरडी करावी, कारण ते भोक उघडे पडले की सगळी सैल माती थेट क्राउनवर पडते. ब्रीदरचे आटे गाडीगणिक वेगळे असतात, काही ब्रीदर आट्यांचे नसून ठोकून बसवलेले असतात, आणि काही गाड्यांत कंपनीनेच लहानशी नळी दिलेली असते. म्हणून काढलेला तुकडा हातात घेऊन, मापून, मगच जोड निवडावा. आटे जुळत नसताना पान्याने जोर लावून बसवलेला जोड पुढे आवरणाच्या आट्यांसकट बाहेर येतो.

नळी तेल आणि उष्णता दोन्ही सोसणारी हवी. एअर ब्रेकच्या जोडणीत वापरतात ती नायलॉनची नळी किंवा इंधनासाठीची चांगल्या प्रतीची रबरी नळी योग्य ठरते. सिलिकॉनची नळी मऊ आणि देखणी असते, पण खनिज तेलाच्या सततच्या संपर्कात ती फुगते आणि वळणावर चटकन दुमडते. दुमडलेली नळी म्हणजे बंद झालेला ब्रीदर. आतली पोकळी सहा ते आठ मिलिमीटर असली की पुरे.

सर्वांत जास्त चुका नळीच्या वाटेत होतात. अ‍ॅक्सल खडबडीत जमिनीवर चेसिसपासून बराच खाली झुकतो, त्यामुळे या दोघांमधल्या नळीला पुरेशी ढील हवी, आणि ती मोजायची असेल तर गाडी चेसिसवर उचलून चाके पूर्ण लोंबती असतानाच मोजावी. ब्रेकच्या लवचिक होजने ही समस्या आधीच सोडवलेली असते. त्याच्या सोबतीने, पण त्याला न घासता, नळी नेली तर बहुधा चुकत नाही. सायलेन्सर आणि अ‍ॅक्सलकडे ताकद नेणारा फिरता दांडा (प्रोपेलर शाफ्ट) यांच्यापासून तिला लांब ठेवावे. मात्र ही ढील खाली लोंबणाऱ्या झोळीच्या रूपात राहता कामा नये. क्राउन फिरताना तेलाचे शिंतोडे आणि वाफ नळीत येतात, झोळी असेल तर ते तेल तिथे साचून गुळणी धरते, आणि मग हवेला ये-जा करण्यासाठी दर वेळी ती गुळणी ढकलावी लागते. नळी आवरणातून निघताच वितभर तरी सरळ उभी जावी आणि पुढेही सतत चढतीच राहावी, म्हणजे वर आलेले तेल आपोआप परत उतरते. मला वाटते, नळी कोणत्या कंपनीची आहे यावर खल करण्यापेक्षा हा चढ नीट साधण्यात घालवलेला अर्धा तास अधिक मोलाचा आहे.

टोकाला लहानसा फिल्टर लावावा. फिल्टर नसेल तर वाऱ्याबरोबर येणारी बारीक धूळ दर निवण्यासोबत आत जाते आणि तेलात मिसळून दात घासत राहते.

सगळ्या नळ्या एकत्र जोडाव्यात का?

गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलमध्ये ताकद वाटणारी पेटी, यांनाही ब्रीदर असतात आणि तेही याच कारणाने उंच न्यावे लागतात. चारही नळ्या एका जोडपट्टीत आणून एकच फिल्टर लावणारे तयार संच मिळतात. त्यांतून फक्त हवा वाहत असल्याने वेगवेगळी तेले एकमेकांत मिसळण्याची भीती फारशी नसते, पण तो एक फिल्टर चिखलाने बुजला की चारही आवरणे एकदम कोंडली जातात. शिवाय डिफरन्शियलमध्ये हवेच्या दाबावर चालणारे लॉकर, म्हणजे गरजेला दोन्ही चाके एकाच गतीने फिरायला लावणारी यंत्रणा, असेल आणि त्याची आतली रिंग गळू लागली, तर कॉम्प्रेसरची हवा आवरणात भरून तेलासकट ब्रीदरमधून बाहेर येते आणि सामाईक जोडणीत तो दाब शेजारच्या पेट्यांपर्यंत पोहोचतो. असे लॉकर असलेल्या अ‍ॅक्सलची नळी स्वतंत्र ठेवणेच मला योग्य वाटते.

गाडी आधी निवू दिली तर? आणि आत गेलेले पाणी आपोआप उडून जाणार नाही का?

पाण्यात उतरण्यापूर्वी थांबून गाडी निवू द्यावी, ही जुनी शिकवण अगदी बरोबर आहे आणि नळी बसवल्यावरही ती पाळावी, कारण तापलेल्या ब्रेक डिस्कनाही एकदम थंड पाणी सोसत नाही. पण लोखंड आणि तेल यांचे एवढे वजन निवायला बराच वेळ लागतो, आणि प्रत्येक प्रवाहाच्या काठी तेवढे थांबणे प्रत्यक्षात होत नाही.

दुसऱ्या शंकेत थोडे तथ्य आहे. किंचित ओल असेल तर तापलेल्या तेलातून ती वाफ होऊन ब्रीदरवाटे जाऊ शकते. तेलात घुसळले जाऊन दुधाळ झालेले पाणी मात्र असे भरवशाने जात नाही. ते तेलाचा थर कमकुवत करते, गाडी उभी असताना बेअरिंगांवर व दातांवर गंज धरतो, आणि पुढे त्या गंजाच्या जागी धातूचे कपचे निघू लागतात. सुरुवातीला सांगितलेली घरघर ती हीच, आणि ती ऐकू येईपर्यंत तेल बदलून भागण्याची वेळ बहुधा टळून गेलेली असते.

म्हणून खोल पाण्यातून आल्यावर तेल पाहणे हाच मार्ग. भरण्याच्या तोंडाचा बोल्ट काढून बोटाला तेल लावून पाहावे. दुधाळ दिसले तर ते त्याच दिवशी बदलावे, थोडे चालवून पुन्हा पाहावे आणि रंग स्वच्छ येईपर्यंत बदलत राहावे. गाडी रात्रभर उभी राहिलेली असेल तर न मिसळलेले पाणी तेलापेक्षा जड असल्याने तळाशी बसते, आणि तळाचा बोल्ट जरासा सैल केला की तेलाआधी तेच ठिबकते.

नळी लावली म्हणजे जास्त खोल पाण्यात जाता येते?

येथे ठाम नकार दिला पाहिजे. गाडी किती पाण्यातून जाऊ शकते हे तिच्या सर्वांत खालच्या कमकुवत जागेवरून ठरते: इंजिन हवा कोठून घेते, वायरिंगचे जोड आणि संगणकीय पेट्या कोठे आहेत, वीज तयार करणारा आल्टरनेटर किती उंचीवर आहे. कंपनीने सांगितलेली मर्यादा या सगळ्यांचा हिशोब करून आलेली असते. लँड रोव्हर डिफेंडरच्या जुन्या पिढीसाठी ती ५०० मिलिमीटर होती, तर २०१९ मध्ये सादर झालेल्या पिढीत, एअर सस्पेन्शन असल्यास, ९०० मिलिमीटर आहे. हा फरक नुसत्या नळ्यांनी पडलेला नाही. वाहत्या पाण्याचा धोका तर आणखी वेगळा आहे. अमेरिकेची राष्ट्रीय हवामान सेवा वारंवार सांगते की वेगाने वाहणारे एक फूट पाणी बहुतेक मोटारी वाहून नेऊ शकते आणि दोन फूट पाणी एसयूव्ही व ट्रकही नेऊ शकते. तेथे ब्रीदर, स्नॉर्केल यांपैकी काहीच उपयोगाचे नाही, आणि पाणी ओसरेपर्यंत काठावर थांबण्याला पर्याय नाही.

जे पाण्यात जातच नाहीत त्यांच्यासाठी

चिखल आणि धुळीच्या रस्त्यांवर चालणाऱ्या गाड्यांतही ब्रीदर बुजतात. मग आतला दाब सीलवाटे बाहेर पडतो, मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला तेलाचे ओघळ दिसतात, कधी ते ब्रेकच्या लायनिंगवर उतरतात, आणि नवी सील बसवूनही काही महिन्यांत गळती परत सुरू होते. अशा वेळी तिसरी सील आणण्यापूर्वी ब्रीदर काढून तोंडाने हलकेच फुंकून पाहावे. उंच नेलेल्या नळीचीही हीच तपासणी दर वेळी तेल बदलताना करावी: खालचे टोक सोडवून हवा सहज वाहते का ते पाहावे, फिल्टर धुवावा किंवा बदलावा, आणि फिल्टर नसलेल्या टोकात एखाद्या किड्याने मातीचे घर केलेले नाही ना, याचीही खात्री करून घ्यावी.